एसक्यूलाइटच्या कोडची टॅग्ज फाइल: सोळा दिवसांच्या नोंदी

शनिवार, ६ जुलै २०२४

भाचा सांगलीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. डेटाबेस आतून कसा चालतो हे त्याला पुस्तकातून नाही, कोडमधून पाहायचंय. आम्ही एसक्यूलाइट हा सी भाषेत लिहिलेला डेटाबेस निवडला, आवृत्ती ३.४६.०. मी पुण्यात, तो सांगलीत, रोज रात्री तासभर फोन. त्याच्या लॅपटॉपची मेमरी ४ जीबी. क्लँगडी (कोड समजून घेऊन एडिटरला मदत करणारा प्रोग्रॅम) लावून बघितलं, पण ब्राउझर उघडा असला की मशीन अडकून पडतं. म्हणून विम हा एडिटर आणि सीटॅग्ज. सीटॅग्ज कोडमधलं कोणतं नाव कुठल्या फाइलमध्ये कुठे आहे याची सूची बनवतं. ती सूची म्हणजे टॅग्ज फाइल, आणि तिच्यावरून विम त्या जागी उडी मारतं. कुणी असंच काही करायला घेतलं तर आमचे वाया गेलेले तास त्यांचे वाचावेत म्हणून हे लिहून ठेवते आहे.

आजची चूक पहिल्याच पावलावर झाली. एसक्यूलाइटचा सगळा कोड एकाच सी फाइलमध्ये एकत्र करून मिळतो, अडीच लाखांहून जास्त ओळींची एकच फाइल. मी म्हटलं, फाइल एक तर कटकट कमी. सीटॅग्ज चालवलं, टॅग्ज लगेच तयार झाल्या. फंक्शनच्या नावावर कर्सर ठेवून कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस दाबला की व्याख्येवर, कंट्रोल-टी दाबलं की परत. सगळं चाललं.

मग भाच्याने विचारलं, "मावशी, आपण आत्ता बी-ट्रीमध्ये आहोत की पेजरमध्ये?" हे एसक्यूलाइटचे दोन वेगळे भाग, आणि स्क्रीनवर त्याचं उत्तर नव्हतं. फाइलचं नाव कायम तेच, आणि मूळची कोणती फाइल इथे सुरू झाली ते सांगणारी टीप हजारो ओळी वर. उडी मारल्यावर आपण कुठल्या घरात आलो हे फाइलच्या नावावरून कळतं, आणि नेमकं तेच आम्ही घालवून बसलो होतो. अडीच तास गेले. सगळं पुसलं आणि मूळ झाड, म्हणजे सुट्या फाइलींचा पूर्ण फोल्डर, गिटवरच्या प्रतीवरून उतरवून घेतलं.

रविवार, ७ जुलै

मूळ फोल्डरमध्ये उभं राहून सीटॅग्जला 'वजा आर' दिलं, म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरांत शिरून. तीन अडचणी आल्या.

पहिली. भाच्याच्या टॅग्जची संख्या माझ्यापेक्षा कमी भरली. त्याने 'एक्झुबरंट' बसवलं होतं. त्याची शेवटची आवृत्ती ५.८, २००९ सालची. माझ्याकडे 'युनिव्हर्सल' आहे, तेच पुढे चालू राहिलेलं काम. त्याने बदललं आणि आकडे जुळले. आधी दोघांनी आवृत्ती विचारून घेतली असती तर पाऊण तास वाचला असता. काही मशीनवर आधीपासून असलेलं सीटॅग्ज बीएसडी कुळातलं असतं, त्याला 'वजा आर' ठाऊकच नसतं आणि ते पर्याय चुकीचा म्हणून थांबतं. आधी आवृत्ती बघा.

दुसरी. तो एसआरसी फोल्डरमध्ये जाऊन विम उघडत होता आणि त्याला चूक क्रमांक ४३३ येत होती, टॅग्ज फाइल नाही म्हणून. फाइल एक पायरी वर होती. विमच्या 'टॅग्ज' सेटिंगमध्ये बिंदू, तिरपी रेघ, टॅग्ज असं लिहून शेवटी अर्धविराम ठेवायचा. त्या एका अर्धविरामामुळे विम उघडलेल्या फाइलच्या फोल्डरपासून वर वर चढत फाइल शोधतं.

तिसरी. 'मेन' वर उडी मारली तर ढीगभर उत्तरं. टूल फोल्डरमध्ये प्रत्येक छोट्या प्रोग्रॅमला स्वतःचं मेन आहे. ईएक्सटी फोल्डरमध्ये तर वॅस्मसाठी (ब्राउझरमध्ये चालवायला) जावास्क्रिप्ट आणि जेएनआयसाठी (जावातून सी कोड वापरायला) जावाही आहे. टूल, टेस्ट, ईएक्सटी हे तिन्ही वगळायला सांगितले. यादी स्वच्छ झाली. वगळण्याची ही पद्धत पुढच्या आठवड्यात आम्हाला महागात पडली, ते १४ तारखेला.

मंगळवार, ९ जुलै

आज फक्त एकच गोष्ट. 'व्हीडीबीई' (एसक्यूलाइटच्या आभासी यंत्राची रचना) या नावावर उडी मारली की एका ओळीच्या टाइपडेफवर, म्हणजे प्रकाराला नाव देणाऱ्या ओळीवर, जाऊन पडायचं: स्ट्रक्ट व्हीडीबीई, नाव व्हीडीबीई, संपलं. खरी रचना दुसऱ्या हेडरमध्ये (नावं आणि रचना जाहीर करणाऱ्या फाइलमध्ये) आहे. एसक्यूलाइटमध्ये जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या रचनेचं असंच आहे. नाव आधी एका हेडरमध्ये जाहीर होतं आणि अंग दुसरीकडे असतं.

मी आधी टाइपडेफ हा प्रकारच बंद केला. त्यासोबत पेज क्रमांकाचा आणि पूर्णांकांचे खरे टाइपडेफही गेले. भाच्याला 'पीजीनो' म्हणजे काय ते शोधायचं होतं, सापडेना. परत चालू केलं.

टिकलेला उपाय असा. युनिव्हर्सल सीटॅग्ज टाइपडेफच्या ओळीत शेवटी 'टाइपरेफ' नावाचा रकाना लिहितं, त्यात मूळ रचनेचं नाव असतं. ऑकच्या (मजकूर ओळीओळीने गाळणारी छोटी भाषा) दोन ओळी लिहिल्या: प्रकार टाइपडेफ असेल, आणि टाइपरेफमधलं स्ट्रक्टचं नाव टॅगच्या नावासारखंच असेल, तर ती ओळ गाळ. बाकी सगळं तसंच. आता व्हीडीबीईवर उडी थेट रचनेवर जाते आणि पीजीनोही सापडतो.

शिवाय साध्या उडीच्या जागी 'जी' आणि मग कंट्रोल-कंस ही जोडी वापरायची सवय लावली. एकच उत्तर असेल तर ती सरळ जाते, जास्त असतील तर यादी दाखवते. साधी उडी पहिल्या उत्तरावर जाते आणि अजून उत्तरं आहेत याकडे नवख्याचं लक्ष जात नाही.

गुरुवार, ११ जुलै

खरं काम आज सुरू झालं. एसक्यूलाइट प्रत्येक क्वेरीचं भाषांतर एका आभासी यंत्राच्या सूचनांमध्ये करतं. या सूचना म्हणजे ऑपकोड, सुमारे १९०. कोड वाचताना दर पाच ओळींनी एखादा भेटतो: ओपी_गोटू, ओपी_कॉलम, ओपी_नेक्स्ट. भाच्याला त्यावर उडी मारून तिथे काय होतं ते बघायचं होतं. चूक क्रमांक ४२६, टॅग सापडला नाही.

कारण सरळ आहे. ही नावं ज्या हेडरमध्ये आहेत तो हेडर झाडात नसतोच, बिल्ड करताना तयार होतो. व्हीडीबीई.सी ही फाइल वाचून टीसीएल या भाषेतली एक स्क्रिप्ट तो बनवते. म्हणून आम्ही दोघांनी मेक, म्हणजे कोडवरून प्रोग्रॅम बांधणारं साधन, चालवलं. त्यासाठी टीसीएल बसवावं लागलं, त्याच्याकडे मोबाइलच्या इंटरनेटवरून, त्यात वीस मिनिटं गेली. हेडर तयार झाला, टॅग्ज पुन्हा बनवल्या, उडी मारली.

समोर आलं: डिफाइन, ओपी_कॉलम, आणि एक आकडा.

"मावशी, हा नंबर घेऊन मी काय करू?"

त्याचं बरोबर होतं. संगणकाच्या दृष्टीने ती व्याख्या आहे. वाचणाऱ्याची व्याख्या व्हीडीबीई.सीमधल्या त्या प्रचंड स्विचमध्ये आहे, 'केस ओपी_कॉलम' या ओळीवर. केसच्या ओळीला सीटॅग्ज व्याख्या मानत नाही, आणि मानायचं काही कारणही नाही. ते आपल्याला शिकवावं लागेल. रात्रीचे साडेअकरा झाले, थांबलो.

शनिवार, १३ जुलै

सीटॅग्जला एखाद्या भाषेसाठी आपला रेजेक्स (मजकूर ओळखण्याचा नमुना) देता येतो. पहिला रेजेक्स: ओळीच्या अगदी सुरुवातीला 'केस', रिकामी जागा, 'ओपी_' ने सुरू होणारं नाव, मग विसर्गासारखे दोन बिंदू. प्रकाराचं अक्षर 'ओ' ठेवलं, कारण सीसाठी ते मोकळं आहे. चाललं. ओपी_कॉलमवरून थेट केसवर.

मग लक्षात आलं की प्रत्येक केसच्या वर एक लांब टीप असते: ऑपकोडचं नाव, त्याचे पी१ ते पी५ हे ऑपरंड (सूचनेला दिलेल्या किमती), सारांश, आणि तो नेमकं काय करतो याची फोड. वाचणाऱ्याला आधी तेच हवं असतं. केसवर उतरलो की दर वेळी वर सरकावं लागायचं. शिवाय बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यांच्या टिपा एकाखाली एक आणि केस मात्र सगळे एका ठिकाणी.

म्हणून रेजेक्स बदलला आणि टीपच पकडली. ओळीच्या सुरुवातीला टीप उघडण्याचं चिन्ह, मग 'ऑपकोड' हा शब्द, दोन बिंदू, जागा, आणि नाव. सीटॅग्जचा सी वाचक टिपा सोडून देतो, पण रेजेक्स कच्च्या ओळींवर चालतो, त्यामुळे टीपही पकडता येते. अडचण एवढीच की टिपेत नाव नुसतं 'कॉलम' असं असतं, 'ओपी_' नसतं. पण रेजेक्सच्या उत्तराच्या भागात आपण स्वतःचा मजकूर घालू शकतो. तिथे 'ओपी_' लिहून पुढे पकडलेलं नाव जोडलं. आता कोडमध्ये कुठेही ओपी_कॉलम दिसला की उडी त्याच्या माहितीवर पडते आणि माहितीच्या खाली कोड. या सोळा दिवसांत मला सगळ्यात जास्त समाधान याने दिलं.

यातही चूक होतीच. मोजले तर टॅग कमी निघाले. तयार झालेल्या हेडरमधल्या ओपी_ नावांची यादी काढली, टॅग्जमधली काढली, दोन्ही शेजारी लावल्या. ओपी_गोटूच गायब होता. त्याच्या टिपेत दोन बिंदूंनंतर दोन जागा आहेत, मी एकच धरली होती. 'एक किंवा जास्त' केलं, यादी जुळली. रेजेक्स चालला असं वाटलं तरी दुसरीकडून मोजून घ्या. न सापडलेला टॅग तुम्हाला स्वतःहून काही सांगत नाही.

रविवार, १४ जुलै

आजचा दिवस वाईट गेला. जसं घडलं तसं लिहिते.

एक साधी क्वेरी चालताना कोणते ऑपकोड कोणत्या क्रमाने येतात ते छापून बघायचं होतं. टॅगवरून उडी मारत मी सात-आठ ठिकाणी छापण्याच्या ओळी घातल्या. मेक केलं, चालवलं, काहीच छापलं गेलं नाही. अटी तपासल्या, बिल्डचे पर्याय तपासले, सगळं पुसून पहिल्यापासून बिल्ड केलं. दोन तास. मग विममध्ये फाइल पुन्हा उघडली तर माझ्या ओळीच तिथे नव्हत्या.

मी एसआरसीमधली व्हीडीबीई.सी बदलत नव्हते. मी टीएसआरसीमधली बदलत होते. मेक चालवलं की ते सगळ्या मूळ फाइलींच्या प्रती टीएसआरसी नावाच्या फोल्डरमध्ये करतं आणि त्या प्रतींवरून ती एकत्रित मोठी फाइल बनवतं. प्रतींमध्ये बदल केला तर मेकला ते कळतही नाही. आणि नव्याने प्रती करायची वेळ आली की तो फोल्डर आधी पूर्ण पुसला जातो. गुरुवारी मेक केलं तेव्हा टीएसआरसी आला, त्यानंतर टॅग्ज बनवल्या तेव्हा तोही सूचीत शिरला. प्रत्येक फंक्शनला दोन पत्ते झाले आणि विम कधी या पत्त्यावर, कधी त्या पत्त्यावर नेऊ लागलं. फाइलचं नाव दोन्हीकडे सारखंच, त्यामुळे खाली ओळीत बघूनही चटकन कळलं नाही.

एकूण तीन तास, आणि लिहिलेलं सगळं गेलं.

दोष टॅग्जचा नाही, माझ्या पद्धतीचा आहे. मी 'काय नको' सांगत होते, आणि नको असलेलं उद्या नवीन काय येईल हे आज माहीत नसतं. आता उलट केलं. हव्या असलेल्या फाइलींची यादी एका फाइलमध्ये, आणि सीटॅग्जला 'वजा मोठा एल' देऊन फक्त तीच यादी. त्यात एसआरसीमधल्या सी आणि हेडर फाइली, व्याकरणाची पार्स.वाय, आणि तयार होणाऱ्यांपैकी फक्त पार्स.एच, कारण टीके_ नावाची टोकनं तिथे असतात. ऑपकोडचा हेडर मुद्दाम बाहेर ठेवला, म्हणजे तो आकडा पुन्हा मध्ये यायला नको. चाचण्यांसाठीच्या 'टेस्ट' ने सुरू होणाऱ्या सी फाइली एसआरसीमध्येच असतात, त्याही काढल्या.

दुसरं एक सावधपण: टीएसआरसीमधली कोणतीही फाइल उघडली की विमने ती फक्त वाचण्यासाठी उघडावी अशी एक ओळ विमच्या सेटिंगमध्ये घातली. भाच्याच्याही.

बुधवार, १७ जुलै

आषाढी एकादशी, आणि सुट्टी. सकाळचे चार तास मिळाले.

बाहेरून वापरायच्या फंक्शनांची माहिती, उदाहरणार्थ एसक्यूलाइट३_स्टेप कधी काय परत देतं, ही एसक्यूलाइट.एच.इन या फाइलमध्ये प्रत्येक प्रोटोटाइपच्या (फंक्शनचं नाव आणि रूप जाहीर करणारी ओळ) वरच्या टिपेत लिहिलेली आहे. ऑपकोडसारखंच त्यावरही जायला हवं होतं. सीटॅग्ज सीचे प्रोटोटाइप आपणहून घेत नाही, म्हणून सीसाठी तो प्रकार चालू केला. हेडरमधला एकही आला नाही. तासभर शोधल्यावर कारण मिळालं: हेडर फाइली सीटॅग्ज सी++ समजतं, सी नाही. मी पर्याय सीला देत होते आणि हेडर सी++च्या नियमांनी वाचले जात होते. कोणती फाइल कोणत्या भाषेची हा नकाशा बदलून हेडर सीकडे वळवले.

लगेच उलटा त्रास. आतल्या मुख्य हेडरमध्ये शेकडो फंक्शनांचे प्रोटोटाइप आहेत, त्यामुळे प्रत्येक उडीला दोन उत्तरं येऊ लागली. शेवटी दोन फेऱ्या केल्या. पहिली फेरी सगळ्या यादीवर, प्रोटोटाइप बंद. दुसरी फक्त एसक्यूलाइट.एच.इनवर, भाषा सी असं सक्तीने सांगून, फक्त प्रोटोटाइप, आणि निकाल आधीच्या फाइलला जोडून. आता एसक्यूलाइट३_स्टेपवर दोन पर्याय येतात, एक कोड आणि एक माहिती. दोन्ही हवेच असतात.

दुपारी एक वेगळीच गाठ. युनिक्ससाठीच्या फाइलमध्ये पॉसिक्सआयओमेथड्स हा तक्ता थेट लिहिलेला नाही, आयओमेथड्स नावाचा मॅक्रो (वापरला की विस्तारून कोड होणारा साचा) तो तयार करतो. नाव मॅक्रोच्या आत दुसऱ्या जागी आणि वेगळ्या ओळीवर. बहुओळी रेजेक्स लिहिता आला असता, पण असे तक्ते मोजकेच. मी त्यांच्या ओळी हातानेच लिहिल्या. टॅगची ओळ साधी असते: नाव, टॅब, फाइल, टॅब, शोधायचा मजकूर. त्या जोडल्या आणि सॉर्ट केलं.

त्यानंतर निम्मे टॅग सापडेनात. काही नावं लगेच, काही 'नाही' म्हणून, आणि मधूनच चूक ४३२: टॅग्ज फाइल क्रमाने लावलेली नाही. मी तर नुकतीच क्रमाने लावली होती! माझ्या मशीनचं लोकॅल (भाषा आणि प्रदेशाची सेटिंग) भारतीय इंग्रजी आहे, आणि त्या क्रमात मोठी आणि छोटी अक्षरं एकमेकांत मिसळतात. विम मात्र बाइटच्या क्रमावर विश्वास ठेवून फाइल मधोमध दुभागत शोधतं. क्रम वेगळा असला की शोध चुकीच्या अर्ध्यात जातो. सॉर्टच्या आधी एलसी_ऑल हे 'सी' केलं की सुटतं. हा दीड तास मला फार लागला, कारण टॅग फाइलमध्ये डोळ्यांना दिसत होता आणि विम नाही म्हणत होतं.

शनिवार, २० जुलै

स्वतःहून नूतनीकरण. स्क्रिप्ट एकच: यादी बनव, दोन फेऱ्या, ऑकची गाळणी, हातच्या ओळी, सॉर्ट. गिटच्या हुकमध्ये (ठरावीक घटनेनंतर आपोआप चालणारी स्क्रिप्ट) कमिट, मर्ज आणि शाखा बदलल्यावर ती पाठीमागे चालते. भाच्याच्या लॅपटॉपवर दोन सेकंदांच्या आत होतं. निकाल आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून मग नाव बदलायचं. सुरुवातीला थेट टॅग्जमध्येच लिहीत होतो, तेव्हा अर्धवट फाइल विमच्या हाती लागत होती.

एक गोष्ट टॅग्जने होत नाही ती इथे नोंदवते. कोड 'एक्सओपन' या फंक्शन पॉइंटरमधून (फंक्शनचा पत्ता ठेवणाऱ्या सदस्यातून) फाइल उघडतो. त्यावर उडी मारली तर रचनेतला तो सदस्य मिळतो, युनिक्सओपन मिळत नाही. यासाठी आणि 'हे फंक्शन कोण बोलावतं' यासाठी सीस्कोप, म्हणजे नावाचे सगळे वापर शोधणारं साधन, लावलं. तीच यादी दिली, सिस्टिमचे हेडर नको असं सांगितलं. युनिक्सओपन हे नाव कुठे कुठे आलंय ते बघितलं की तक्ता सापडतो. विमवरूनच निघालेल्या निओविमने ०.९ पासून सीस्कोपचा आधार काढला आहे, विममध्ये तो आहे. आम्ही विमवरच आहोत.

पार्स.वायसाठीही रेजेक्स लिहिला, लेमनच्या (व्याकरणावरून वाचक बनवणारा एसक्यूलाइटचा प्रोग्रॅम) नियमांच्या डाव्या बाजूची नावं पकडणारा. चालतो, पण 'सीएमडी' नावाखाली इतके नियम आहेत की यादीतून निवडण्यापेक्षा फाइलमध्ये साधा शोध घेणं बरं. ठेवलाय, वापरत नाही.

रविवार, २१ जुलै

भाचा वाचताना टिपणं मराठीत काढतो, त्याच विममध्ये, साध्या मजकुराच्या फाइलमध्ये. टिपणात फंक्शनचं नाव असेल तर त्यावरूनही उडी मारता येते, विमला फाइल सीची आहे की मराठीची याने फरक पडत नाही. फक्त टिपणांची फाइल झाडाच्या आत हवी, म्हणजे टॅग्ज सापडतात.

पण त्याच्या निम्म्या उड्या ४२६ देत होत्या. त्याने फाइल पाठवली तेव्हा दिसलं. आपण नावाला प्रत्यय चिकटवून लिहितो: अमुकमध्ये, अमुकने, अमुकला. विमच्या लेखी देवनागरी अक्षरंही शब्दाचाच भाग, त्यामुळे ते 'फंक्शनचं नाव आणि मध्ये' असा एकच शब्द धरतं आणि त्या नावाचा टॅग कुठून मिळणार? नावानंतर रिकामे कंस लिहून मग प्रत्यय लावायचा असं ठरवलं. कंसापाशी शब्द तुटतो. ऑपकोडला कंस शोभत नाहीत, तिथे मध्ये संयोगचिन्ह. जुनी टिपणं त्याने एका बदलीच्या आज्ञेने दुरुस्त केली.

खर्च: पैसे शून्य. वेळ माझा अंदाजे २२ तास, त्यातले दहा तरी वर लिहिलेल्या चुकांमध्ये. त्याचा वेळ त्याने मोजलेला नाही.

राहिलेलं काम: एसक्यूएलची आतली फंक्शनं. 'अप्पर' हे एसक्यूएलमधलं नाव कोणत्या सी फंक्शनशी जोडलंय ते फंक.सीमधल्या तक्त्यात 'फंक्शन' या मॅक्रोने लिहिलेलं असतं. त्यासाठी 'एसक्यूएल_' जोडून टॅग करायचा रेजेक्स भाच्याने स्वतः लिहिला, आत्ताच पाठवलाय. तारखांच्या फंक्शनांसाठी डेट.सीमध्ये वेगळे मॅक्रो आहेत, ते त्यात अजून येत नाहीत. उद्या रात्री त्यावर बसू.